जॉयसीबायचं हिम

मालवणात परदेशी जाऊन आलेल्या माणसाला साधारण सहा महिने भाव असतो. त्यानंतर लोक त्याला पुन्हा बांगड्याचा दर विचारायला लागतात. जॉयसीबायला कॅनडाहून येऊन दीड वर्ष होत आलं तरी तिचा भाव उतरला नव्हता, कारण तिकडून तिने अशी एक चीज आणली होती जी मालवणच्या अख्ख्या बाजारात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तिने हिम आणलं होतं.

म्हणजे पिशवीत भरून नव्हे, तोंडात.

जॉयसी लोबो शिवणकाम करायची. चर्चच्या मागच्या आळीत तिचं घर आणि ओसरीवर पायाचं मशीन. किरिस्तावांच्या नवरीमुलींचे पांढरे झगे आणि हिंदूंच्या पोरींचे ब्लाउज, दोन्ही तिच्याच कात्रीखालून जात. गावात कोणाची कंबर किती वाढली आणि कोण ते कबूल करत नाही, हे तिला पाठ होतं. नवरा मिंगेल जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा सॅविओ टोरोंटोजवळ कुठल्याशा गोदामात सुपरवायझर होता. सून क्लॉडिया म्हापशाची.

पावसाळ्याच्या सकाळी पद्मावती डोक्यावर माशांची पाटी घेऊन ओसरीत शिरायची, पदर पिळायची आणि म्हणायची, "काय पावस गो ह्यो! मेलो दम घेवक देणा नाय."

जॉयसी मशीन थांबवून बाहेरच्या चिखलाकडे अशी बघायची, जशी एखादी मोठ्या घरची बाई गरीब नातलगाच्या ताटाकडे बघते.

"ह्याका तुम्ही पावस म्हणतास? ह्यो नुसतो चिखल. आमच्या कॅनडाक हिम पडता ना, सगळां कसां पांढरां शुभ्र. रस्तो पांढरो, झाडां पांढरी. खंय वास नाय, खंय डबको नाय."

साडेचार महिन्यांत अख्खा कॅनडा 'आमचा' झाला होता. तिकडच्या लोकांना अजून कळवलं नव्हतं इतकंच.

"बर्फ माका कित्याक सांगतस, बाये?" पद्मावती बांगडे मोजता मोजता म्हणायची. "मी रोज बर्फातच हात घालतंय. बोटां बघ कशी झाली आसत ती."

"तो कारखान्याचो बर्फ गो! तो ठोकळो. हिम म्हणजे कापूस."

"मगे कापूसच म्हण ना," असं म्हणून पद्मावती पाटी उचलायची. पण दुसऱ्या दिवशी तीच बाई बाजारात दुसऱ्या मासेवालीला सांगायची, की कॅनडात आभाळातून कापूस पडतो, आमच्या जॉयसीबायने अंगावर घेतलाय.

आता खरं काय ते सांगायला हवं. जॉयसीने हिम पाहिलंच नव्हतं.

ती गेली मे महिन्यात आणि परत आली सप्टेंबरच्या अखेरीस. त्या सगळ्या काळात टोरोंटोला मालवणसारखंच ऊन होतं, वर डासही होते. सॅविओच्या मुलीला पाळणाघरात जागा मिळत नव्हती, म्हणून आईला बोलावलं होतं. तिने पोर सांभाळलं, सगळ्यांचे डबे भरले, पडदे शिवले, सुनेच्या चार मैत्रिणींचे ड्रेस घट्टसैल करून दिले. पाळणाघरात जागा मिळाली त्याच आठवड्यात सॅविओला आईच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

"ममा, हयची थंडी तुका सोसूची नाय."

"माका एकदा हिम बघूचां होतां रे."

"व्हिडिओ धाडतंय ना तुका."

जॉयसी आली. आणि डिसेंबरात व्हिडिओ नाही, फोटो आला. नाताळचा. घरापुढे गुडघाभर हिम, मधोमध लाल जाकीट घालून, टोपी भुवयांपर्यंत ओढून उभी असलेली विहीण. म्हापशाची कार्मीन. घरात जादा खोली एकच होती, खाट एकच होती, आणि ती कोणासाठी मोकळी करायची होती ते त्या लाल जाकिटाने बरोबर सांगितलं. कार्मीन जॉयसीपेक्षा वयाने मोठी. तिला दमाही होता. पण तिला थंडी सोसली.

तो फोटो जॉयसीने दोन दिवस कोणाला दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी पद्मावतीने सहज विचारलं, "कॅनडाक बर्फ पडता म्हणतत, तू बघलंस काय गो?" तेव्हा जॉयसीच्या तोंडून 'होय' कधी निघालं ते तिलाही कळलं नाही. आणि एकदा 'होय' निघाल्यावर पुरावा हातात होताच.

पद्मावतीने फोन लांब धरला, जवळ धरला. "ही तू? एवढी जाडी?"

"सात कपडे घालूचे लागतत, सात! एकावर एक."

"आणि नाक?"

"थंडीन सुजता."

पद्मावतीने मान डोलावली. रोज माशाच्या कल्ल्यात बोट घालून ताजा की शिळा ओळखणारी बाई ती, पण परदेशी मालाचा तिला अनुभव नव्हता.

ह्या सगळ्या प्रकारात एक माणूस मात्र पेटला. डॅनियल. समोरच्या घरातला, सत्तरीचा, आयुष्य मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढलेला. जॉयसी कॅनडाला जाईपर्यंत आळीत परदेश म्हणजे डॅनियल. लोक त्याच्या ओट्यावर बसत, तो त्यांना हाँगकाँग, सँटोस, रॉटरडॅम ऐकवी. मात्र ऐकणाऱ्यांच्या तोंडाचा वासलेला आ मिटू नये म्हणून तो गोष्टींत थोडी थोडी भर घालत गेला होता, आणि रॉटरडॅमच्या धक्क्यावर आपण पेंग्विनांना पाव घातल्याचं त्याने सांगितलं, तेव्हापासून लोक ऐकत होते पण हसून. आता ते हसायलाही येईनात. सगळे जॉयसीच्या ओसरीवर.

"साडेचार महिने गेलेली बाय माका हिम शिकवता!" डॅनियल चहाच्या टपरीवर म्हणायचा.

"पेंग्विनांका पाव घालूक नाय ना तिणां," टपरीवाला शांतपणे उत्तर द्यायचा.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण फेब्रुवारी आला. गावच्या हायस्कुलात विज्ञान दिन करायचा होता आणि विषय ठरला होता 'ढगातून खाली: पाऊस आणि हिम'. पाऊस बघितलेले वक्ते गावात हजारोंनी होते, पण त्यातल्या कोणाला हार घालावा असं कमिटीला वाटलं नाही. प्रमुख पाहुणी म्हणून नाव सुचलं ते जॉयसीबायचं.

निरोप घेऊन आली विज्ञानाची शिक्षिका उर्वशी. पंचविशीची, ओरोसची, तात्पुरत्या नेमणुकीवरची. दर जूनमध्ये कमिटीचे अध्यक्ष सही करत तेव्हा तिचं पुढचं वर्ष सुरू होई.

"आंटी, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. मुलांना आवडेल."

जॉयसी नाही म्हणणार होती. पण बाहेर रस्त्यावरून डॅनियल कान टवकारून चालला होता. "येतंय की," ती मोठ्याने म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण बघणां वेगळां आणि बोलणां वेगळां. ता कसां तयार होता ता जरा माका शास्त्रीय भाषेत सांग. तुजो ब्लाउज मी फुकट शिवून देतंय."

उर्वशी चार संध्याकाळी आली. जॉयसी तिचं माप घेई, कापड बेती, टाके घाली, आणि उर्वशी स्टुलावर बसून बोले.

"ढग म्हणजे वाफ असं सगळे म्हणतात. पण वाफ दिसतच नाही, आंटी. दिसतं ते पाणीच. इतके बारीक थेंब की हवा त्यांना खाली येऊ देत नाही. आंबोलीच्या घाटात बसच्या खिडकीतून आत येतं आणि चष्मा ओला करतं ना, तो ढगच."

"माका वाटलां ता धुकां."

"जमिनीला टेकलेला ढग म्हणजेच धुकं. आणि प्रत्येक थेंबाच्या पोटात एक कण असतो. धुळीचा, धुराचा, नाहीतर समुद्राच्या मिठाचा. नुसती वाफ हवेत आपली आपण जमत नाही, तिला धरायला काहीतरी लागतं."

"म्हणजे बटणाक काज लागता तसां."

"तसंच. आता असे जवळजवळ दहा लाख थेंब एकत्र येतील तेव्हा पावसाचा एक थेंब होणार."

"दहा लाख!" जॉयसीने दाताखालचा दोरा सोडला. "त्यांका एकत्र कोण आणता?"

"आपल्याकडे समुद्रावरून येणारे पावसाळ्यातले ढग बरेचदा बुटके असतात. त्यांत बर्फाचं नाव नाही. जरा मोठा थेंब खाली सरकतो, वाटेतल्या लहानांना गिळतो, आणखी मोठा होतो. गिळत गिळत पाऊस होऊन पडतो."

ही पद्धत जॉयसीला ओळखीची वाटली. गावच्या सोसायटीच्या निवडणुका तिने बऱ्याच पाहिल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी बाह्या लावताना हिमाची पाळी आली.

"ढग उंच गेला की वर भयंकर थंडी. शून्याच्या खाली. पण गंमत म्हणजे थेंब तरी गोठत नाहीत. उणे दहा, उणे वीस, तरी पाणीच राहतात. गोठायला त्यांना खास प्रकारचा कण लागतो आणि तसे कण फार थोडे. एखाद्या थेंबाला तो मिळतो. तो गोठला, स्फटिक झाला, की मग तो भोवतीची वाफ ओढायला लागतो. हवेतली वाफ कमी पडली की शेजारचे थेंब आटतात. त्यांची वाफ ह्याच्याकडे. ते आटत जातात, हा वाढत जातो. सहा बाजूंनी फांद्या फुटतात."

जॉयसीची सुई थांबली. "आणि आटणारे थेंब काय्येक बोलनत नाय?"

"थेंब काय बोलणार, आंटी?"

"बरोबर. आटानच जातले बिचारे. आणि लोक मगे म्हणतले, हिम किती सुंदर!" तिने सुई इतक्या जोरात खुपसली की उर्वशीने हात मागे घेतला. "सांग, सांग. पुढे?"

"पुढे तो जड होतो, खाली निघतो. खाली सगळी हवा थंड असेल तर हिम पडतं. वाटेत ऊब लागली तर विरघळून पाऊस. कॅनडात हिवाळ्यात विरघळत नाही, एवढाच फरक. जगात, निदान जमिनीवर, पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग वरून हिम म्हणूनच निघतो. आपल्याकडे मे महिन्यात वळवाचे ढग येतात बघा, कोबीच्या गड्ड्यासारखे, गडगडणारे? त्यांच्या माथ्यावर बर्फच असतो. तेव्हा मालवणच्या डोक्यावर हिम पडतच असतं. खाली येईतो पाणी होतं."

जॉयसीने चष्मा काढला. "मालवणच्या डोक्यार? हय?"

"इथेच."

जॉयसीने मान वर करून कौलांकडे पाहिलं. एवढ्या लांब जाऊन जे दिसलं नाही ते आयुष्यभर स्वतःच्या कौलांवर, फक्त वितळून, पडत होतं, आणि कार्मीनच्या डोक्यावर तसंच्या तसं पडलं. हा विचार तिला पटकन गिळवेना. पण विषयाची गोडी लागली ती खरी. त्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे तीन ब्लाउज उलट्या अस्तराचे झाले.

विज्ञान दिनाला हायस्कुलाचा हॉल भरला. विज्ञानासाठी नव्हे, नंतर उसळपाव होता. दीपप्रज्वलन झालं. पंखा चालू असल्यामुळे तीनदा झालं. मग कमिटीचे अध्यक्ष सत्यवानराव बोलायला उभे राहिले. वाळूचा आणि जांभ्या चिऱ्याचा त्यांचा धंदा, त्यामुळे जमिनीखालच्या विज्ञानाचा त्यांना चांगला सराव होता. आभाळाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की पाऊस वेळेवर पडावा म्हणून आपण पाठपुरावा करत आहोत.

मग जॉयसी उठली. निळा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, पायांत कॅनडाचे बूट. आणि बोलली ती झकास. मिठाचा कण, दहा लाख थेंब, गिळणारा थेंब, आटणारे थेंब, सगळं तिने ओसरीवरच्या भाषेत सांगितलं. मुलं पुढे सरकून बसली. वळवाच्या ढगात मालवणवर हिम पडतं असं ती म्हणाली तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली, आणि मागच्या रांगेत पद्मावतीने आपल्या डोक्यावरून हात फिरवून बघितला.

उर्वशी भिंतीशी उभी राहून हसत होती. सगळं बरोबर चाललं होतं.

टाळ्या पडल्या. "कोणाला काही विचारायचं आहे?" सत्यवानरावांनी विचारलं. विचारणारं कोणी नसतं म्हणूनच हे विचारतात. पण पाचवीतली एक मुलगी उभी राहिली.

"हिम पडताना आवाज कसा येतो?"

जॉयसीने मनात भराभर उजळणी केली. कण माहीत होता, स्फटिक माहीत होता, सहा फांद्या माहीत होत्या. आवाजाचं उर्वशीने काही सांगितलं नव्हतं. फोटोला आवाज नसतो. आता ज्या गावात आभाळातून जे येतं ते कौलं फोडत, पत्रे बडवत येतं, तिथल्या बाईने काय म्हणावं?

"येता तर!" ती म्हणाली. "ताडताड ताडताड. आपल्या पत्र्यार पावस पडता तसो. वायच जास्तच. रात्री झोप लागना नाय."

"खोटां!"

डॅनियल उभा राहिला होता. इतका ताठ तो बोट सोडल्यापासून उभा राहिला नव्हता. "एकदम खोटां! हिमाक आवाज नसता. मी बघलंय. रॉटरडॅमाक. सकाळी दार उघडलां तेव्हा कळलां की रातभर हिम पडलां. असो आवाज नाय, तसो आवाज नाय. उलट होतो तोही आवाज ता पिऊन टाकता!"

म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता बोलत होता.

जॉयसीच्या कानशिलांतून वाफ निघाली. पण हरायचं तर ह्या माणसासमोर नव्हे. "डॅनियल, तू बोटीच्या स्वयंपाकघरात होतंस. चुलीचो आवाज, भांड्यांचो आवाज, इंजिनाचो आवाज. तुका हिमाचो आवाज खंयसून ऐकूक येतलो?"

हॉल हसला.

"आणि थंय पेंग्विन काय करी होते रे?" मागून कोणीतरी ओरडलं. "ते गप होते काय?"

मग तर हॉल कोसळलाच. डॅनियल काहीतरी म्हणत होता, पण कोणाला ऐकू येत नव्हतं. सत्यवानरावांनी हात वर करून शांतता केली. सभेत वाद झाला की तो मिटवायचा, हे त्यांना येत होतं.

"हे बघा, विज्ञानात मतभेद असतातच. पण आपण लोकशाहीत आहोत. हिमाचा आवाज होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. काहींनी गारा पाहिल्या होत्या आणि गारा तर आवाज करतात. काहींना डॅनियलकडून जुना हिशेब चुकता करायचा होता. बाकीच्यांना भूक लागली होती. डॅनियलच्या बाजूने दोन हात आले, त्यातला एक त्याचाच.

"आवाज होतो," सत्यवानरावांनी जाहीर केलं. मग भिंतीकडे वळून, "काय, बाई? बरोबर ना?"

सगळ्यांनी उर्वशीकडे पाहिलं. उर्वशीने जॉयसीकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे पाहिलं. जून फार लांब नव्हता.

"ह्यावर... संशोधन सुरू आहे, सर," ती म्हणाली.

उसळपाव छान झाला होता.

दुसऱ्या दिवशी उर्वशी ब्लाउज न्यायला आली. घडी घालून पिशवीत टाकला तरी ती जाईना.

"आंटी, आवाज होत नाही. स्फटिक हलका असतो, मध्ये हवा असते. तुम्ही तिथे होतात तर..." ती थांबली. "तुम्ही पाहिलंच नाही ना?"

जॉयसी मशीनच्या चाकाला तेल घालत राहिली.

"माहीत नाही म्हणून सांगायचं होतंत."

"मी नाय सांगलंय," जॉयसी म्हणाली. "तू तरी खंय सांगलंस, बाय?"

उर्वशीने मान खाली घातली आणि पायरी उतरून गेली. पुढचा ब्लाउज तिने कणकवलीत शिवला.

ह्याच सुमाराला गावच्या पेपरात बातमी आली: 'हिम आवाज करीत पडते, जॉयसी लोबो यांचे प्रतिपादन'. फोटो मोठा होता. बातमी ह्या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये गेली, म्हापशाला गेली, आणि कॅनडाला तर ती पोचायलाच हवी होती. रविवारी सॅविओचा फोन आला. मागे क्लॉडियाचं हसणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"ममा, ह्यां काय छापून इलां? तू हिम खंय बघलंस? तू तर सप्टेंबरातच गेलंस!"

"तुज्या सासूच्या फोटोत बघलंय."

तिकडचं हसणं थांबलं.

"लाल जाकिटात बरी दिसता ती," जॉयसी पुढे म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट अस्तर लावताना होतो तसा बारीक झाला. "माका थंडी सोसूची नाय म्हणालंस. तिका दमो आसा, पण तिका सोसली. म्हापशाची माणसां लोखंडाची बघ."

"तसां न्हय, ममा... खोली एकच..."

"खोली एकच, खाट एकच. माका मोजूक येता रे. आयुष्यभर मापांच घेतलंय."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग तिने एक झगा उसवायला घेतला जो उसवायची काहीच गरज नव्हती.

दीडएक महिन्याने सॅविओचा पुन्हा फोन आला. आवाजात मध होता. क्लॉडियाला दिवस गेले होते, नोव्हेंबरच्या सुरुवातीची तारीख होती. "तू ये, ममा. यंदा हिम बघशीत. सगळो हिवाळो रव."

"आणि तुजी सासू?"

"तिका... तिका दमो आसा ना."

जॉयसी एवढी हसली की रस्त्यावरचा डॅनियल थांबला. विज्ञान दिनापासून तो तिच्याशी बोलत नव्हता, फक्त घरासमोरून जाताना पावलांचा आवाज न करता जाई, आणि हे तो मुद्दाम करतो हे तिला ठाऊक होतं.

"येतंय," ती म्हणाली. "पण परतीचां तिकीट माज्या हातात व्हया, तारीख मी ठरवतलंय. आणि रविवारी मी पोरगां सांभाळूचंय नाय. स्वयंपाकही करूचंय नाय."

"रविवारी? मगे रविवारी तू काय करतलंस?"

"ता रविवारी बघतलंय."

बराच वेळ तिकडे दबक्या आवाजात बोलणं झालं. पाळणाघराचा विचार केला तर रविवार स्वस्त होता. कबूल झालं.

गावात कोणाला काही नवल वाटलं नाही. फक्त पद्मावतीने विचारलं, "परत कित्याक गो? एकदा बघलंस ना?"

"नीट बघून येतंय," जॉयसी म्हणाली.

ती ऑक्टोबरात गेली. मुलगा झाला. आधी सगळं मागच्यासारखंच: डबे, लंगोट, मोठीची शाळा, पडदे. फरक एवढाच की रविवारी सकाळी जॉयसी झगा बदलून, केस विंचरून खुर्चीत बसे आणि भूक लागलीय असं सांगे. पहिल्या रविवारी क्लॉडियाने अंडी जाळली. तिसऱ्या रविवारी ती बऱ्यापैकी जमली.

हिम आलं तेही रविवारीच. जॉयसीला कळलंच नाही. ती पाठमोरी बसून चहा पीत होती, आणि मोठी नात खिडकीशी जाऊन किंचाळली म्हणून तिने वळून पाहिलं. समोरचं छप्पर पांढरं झालं होतं. गाड्या पांढऱ्या. आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"मेलो डॅनियल," ती पुटपुटली.

सॅविओचा काळा कोट अंगावर ओढून ती बाहेर गेली. कोटाची बाही ओंजळीसारखी पुढे धरली. एक स्फटिक उतरला, दुसरा उतरला. तिने चष्मा नाकावर खाली घेतला. सहा फांद्या, प्रत्येक फांदीला बारीक दाते, इतकं कातीव काम की तिच्या हातून जन्मात झालं नसतं. मग तिने आणखी बारकाईने बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. निम्मे मोडके होते. कोणाच्या दोनच फांद्या शाबूत, कोणी एकमेकांत अडकून गुंता झालेले, कोणी नुसताच चुरा. असा माल तिने दिला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.

तरी ती बघत राहिली. बाही भरली की झटकायची आणि पुन्हा धरायची. कान दुखायला लागले. नाक खरंच सुजलं असावं.

दार किलकिलं झालं. "ममा, बाळ उठलां! आत ये, थंडी सोसूची नाय तुका."

"सोसता," जॉयसी न वळता म्हणाली. "बाळाक तू घे. रविवार आसा."

दार बराच वेळ उघडं राहिलं. मग लागलं. आत बाळ रडायला लागलं, सॅविओ त्याला काहीबाही म्हणू लागला, क्लॉडियाने कसलंसं भांडं पाडलं. बाहेर ह्यातलं फारच थोडं पोचत होतं. जॉयसीने बाही झटकली आणि दुसरा हात पुढे केला.